भाषेचा शिक्षक एकटाच का?

महाराष्ट्रात भाषेचा प्रश्न निघाला की तो 'कोणती भाषा' आणि 'कितवीपासून' या दोन मुद्द्यांभोवतीच फिरत राहतो. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य सरकारने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासन निर्णय काढला. १७ जूनला त्यात दुरुस्ती करून अनिवार्यतेची धार बोथट करण्यात आली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. अडीच महिन्यांच्या या गदारोळात अस्मिता, संघराज्य, बालमानसशास्त्र अशा सर्व अंगांनी चर्चा झाली. शिक्षकाचा उल्लेख मात्र आला तो प्रामुख्याने हिशेबापुरता. हिंदीऐवजी अन्य भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेत किमान वीस विद्यार्थी असावेत, तसे असल्यास शिक्षक मिळेल, नसल्यास ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल, अशी जूनच्या निर्णयातील तरतूद होती. तो शिक्षक कोणत्या प्रशिक्षणातून येणार आणि शाळेत आधीपासून असलेल्या मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यासाच्या शिक्षकांशी त्याचे नाते काय असणार, हा प्रश्न कोणत्याही बाजूने गांभीर्याने विचारला गेला नाही.

तो विचारायला हवा, कारण आपल्याकडे भाषेचा शिक्षक घडतो तो एकटा आणि शाळेतही तो एकटाच राहतो. बी.एड.ला प्रवेश घेतलेला छात्राध्यापक आपल्या पदवीनुसार एक किंवा दोन शालेय विषयांची अध्यापनपद्धती निवडतो. कोणी मराठी, कोणी इंग्रजी, कोणी विज्ञान, कोणी इतिहास. मानसशास्त्राच्या आणि शैक्षणिक तत्त्वज्ञानाच्या तासाला सारे एकत्र बसतात. पद्धतीचा तास लागला की वर्ग फुटतो आणि जो तो आपापल्या खोलीत जातो. पाठ टाचण आपापल्या विषयाचे, सराव पाठ आपापल्या विषयाचे आणि निरीक्षणाला मागच्या बाकावर बसणारे प्राध्यापकही बहुधा त्याच विषयाचे. मराठीच्या छात्राध्यापकाने विज्ञानाच्या छात्राध्यापकाबरोबर बसून एखादा पाठ आखला आहे, असे दृश्य आपल्या बहुतेक महाविद्यालयांत विरळाच. ज्यांनी आयुष्यभर एकाच शिक्षक दालनात बसायचे, त्यांना एकमेकांचे काम कसे चालते हे दाखवण्याची व्यवस्थाच प्रशिक्षणात नाही.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते मुलाच्या डोक्यात. नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हे प्रकरण येते. बल, कार्य, शक्ती, ऊर्जा हे चारही शब्द मराठी मुलाला शाळेत येण्यापूर्वीपासून माहीत असतात, आणि अडचण नेमकी तीच आहे. घरात 'शक्ती', 'ताकद', 'जोर' यांत फारसा फरक केला जात नाही. पुस्तकात मात्र बल वेगळे, शक्ती वेगळी. डोक्यावर पेट्या घेऊन फलाटावर तासभर ताटकळलेल्या हमालाने भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्या पेट्यांवर शून्य कार्य केलेले असते, हे विधान मुलाला अन्यायाचे वाटते. 'चाल' आणि 'वेग', 'वजन' आणि 'वस्तुमान' यांची कथाही हीच. विज्ञानाचा शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहून देतो आणि पुढे जातो, कारण शब्दाचा अर्थ संदर्भानुसार कसा बदलतो हे शिकवणे त्याला कोणी शिकवलेले नसते. ज्याला ते येते तो मराठीचा शिक्षक शेजारच्या वर्गात समानार्थी शब्दांच्या जोड्या लिहून देत असतो, आणि त्या यादीत 'शक्ती' व 'बल' खुशाल एकमेकांसमोर बसलेले असतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक ठरतो तो विद्यार्थी.

सेमी-इंग्रजीत ही गुंतागुंत दुप्पट होते. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले आणि त्यानंतरच्या दशकांत गणित व विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून, ही व्यवस्था शहरांतल्या मराठी शाळांचा जणू तारणहार म्हणून स्वीकारली गेली. आता एक साधे उदाहरण पाहा. 'पाचमधून तीन वजा करा' हे वाक्य ज्या क्रमाने उच्चारले जाते त्याच क्रमाने मूल वहीत लिहिते, पाच वजा तीन. 'सब्ट्रॅक्ट थ्री फ्रॉम फाइव्ह' म्हटले की तीन आधी कानावर पडतो आणि लिहायचा मात्र नंतर. हे मूल गणितात कच्चे नाही, ते इंग्रजीतले शब्दयोगी अव्यय नीट ऐकायला शिकलेले नाही. 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'रिस्पेक्टिव्हली', 'हेन्स' हे शब्द ना विज्ञानाच्या शब्दसूचीत असतात ना इंग्रजीच्या धड्याखालच्या शब्दार्थांत. एक शिक्षक म्हणतो ते इंग्रजीवाल्याचे काम, दुसरा म्हणतो माझ्या पाठ्यपुस्तकात ते नाही. या दोन विधानांच्या फटीत दरवर्षी किती मुले पडत असतील, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

२०१९ च्या जून महिन्यात याच फटीचे दर्शन साऱ्या महाराष्ट्राला घडले, परंतु त्याकडे त्या नजरेने पाहिले गेले नाही. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असे संख्यावाचन देण्यात आले होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की, मराठी संख्यानामांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, समजायला सोपा असा एक पर्याय जोडला आहे. त्यावर विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत विनोदांची लाट उसळली. मराठी भाषेवर घाला घातला जात असल्याची ओरड एका बाजूने, तर गणिताच्या शास्त्रशुद्धतेचा दाखला दुसऱ्या बाजूने.

वास्तविक दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी येतो. 'एकोणतीस' म्हणताना तोंडात तीस येतो, कागदावर मात्र तिनाचा अंक कुठेच नसतो. ही अडचण काल्पनिक नाही. जर्मनमध्येही पंचवीसला 'पाच आणि वीस' असेच म्हणतात आणि तेथील मुले ऐकलेली संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल करतात, हे संशोधनात नोंदले गेले आहे. नॉर्वेने १९५१ मध्ये शाळा व सरकारी व्यवहारांसाठी मोजणीचा क्रमच अधिकृतपणे बदलून 'वीस-पाच' केला. तरी जुनी रीत बोलण्यातून पुरती हद्दपार झालेली नाही. म्हणजे गणिताची सोय आणि भाषेची सवय यांतला हा पेच जगभरचा आहे आणि तो सोडवण्यासाठी दोन्ही जाणकारांनी एकत्र बसणे भाग आहे. दुसरीच्या मुलाला 'एकोणतीस'मधला 'एकोण' म्हणजे 'एक उणे' हे उलगडून दाखवले तर तो भाषेचाही पाठ होतो आणि वजाबाकीचाही. हा पाठ आखायला शिक्षणशास्त्राची पदविका घेणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांना एक दुपार पुरेल. आपण त्याऐवजी महिनाभर भांडलो. डॉ. नारळीकर यांचे २०२३ मध्ये निधन झाले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र अजून तेथेच आहे.

भाषा आणि अन्य विषय यांच्यातली ही भिंत तर आहेच, परंतु भाषाशिक्षकांच्या आपापसांतल्या भिंतीही कमी जाड नाहीत. पुण्या-मुंबईतील अनेक शाळांत आठवी-नववीपासून संस्कृत, जर्मन, फ्रेंच यांपैकी एकीची निवड करावी लागते. पालकांच्या लेखी हा गुणांचा प्रश्न असतो. शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर मराठी मुलाकडे जर्मनसाठी एक जन्मजात भांडवल असते. मराठीला तीन लिंगे आहेत, जर्मनलाही तीन. हिंदीत दोनच आहेत आणि फ्रेंचमध्येही दोनच. टेबल नपुंसकलिंगी का आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, या प्रश्नाला निर्जीव वस्तूंच्या बाबतीत तर्काचे उत्तर नसते, हे मराठी मुलाने कधीच पचवलेले असते. इंग्रजी बोलत वाढलेल्या मुलाला ते नव्याने गिळावे लागते. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'चार वीस' म्हणतात हे ऐकून वर्गात हशा पिकतो, तेव्हा आपल्याकडे जुन्या पिढीतील माणसे विसांच्या हिशेबाने मोजत असत आणि पाच विसा म्हणजे शंभर होत, हे सांगायला तेथे मराठीचा शिक्षक नसतो.

संस्कृत आणि जर्मन यांचे तर विचारूच नये. विभक्ती, तीन लिंगे, लांबलचक समास. एकमेकांशी सर्वांत जास्त बोलण्यासारखे ज्यांच्याकडे आहे, तेच दोन शिक्षक आपल्या वेळापत्रकात एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरतात. २०१४ साली केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत आणण्याचा निर्णय ऐन सत्राच्या मध्यावर घेण्यात आला, तेव्हाही वाद 'ही की ती' असाच झाला.

हिंदीच्या बाबतीत मैत्री जवळची म्हणून धोकाही जवळचा. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत दंड होते, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न ऐवजी थट्टा होते आणि हिंदीतला जगभर पसरलेला 'संसार' मराठीत घरापुरता उरतो. लिपी एकच असल्याने मूल वाचते भराभर, आणि अर्थ मराठीचा लावते. मराठी आणि हिंदीच्या शिक्षकांनी अशा शब्दांची एक यादी मिळून केली, तर दोघांचेही काम हलके होईल. पहिलीपासून हिंदीच्या बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्यांनी या पातळीवर उतरून विचार केला असता, तर कदाचित वादाचा सूर निराळा लागला असता.

हे सारे काही नवे शोध नाहीत. इंग्लंडमध्ये १९७२ साली शिक्षणमंत्री असलेल्या मार्गारेट थॅचर यांनी इतिहासकार ॲलन बुलक यांच्या अध्यक्षतेखाली भाषाशिक्षणाची समिती नेमली. १९७५ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने 'अभ्यासक्रमभर भाषा' ही कल्पना अधिकृत केली. प्रत्येक माध्यमिक शाळेचे सर्व विषयांना व्यापणारे भाषाधोरण असावे आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला भाषेची जाण असावी, असे तिचे सांगणे होते. पुढे यॉर्क विद्यापीठातील एरिक हॉकिन्स यांनी १९८४ च्या सुमारास 'भाषेविषयी सजगता' हा मुद्दा मांडला. मातृभाषेचा शिक्षक आणि परकीय भाषेचा शिक्षक एकाच मुलाला एकमेकांच्या नकळत शिकवतात, त्यांच्यामध्ये पूल हवा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्यासाठी या शिक्षकांच्या प्रशिक्षणातच समान भाग असावा असा त्यांचा आग्रह होता.

इंग्लंडला ते पुरते साधले नाही. बुलक अहवालानंतर कित्येक शाळांत भाषाधोरणाचे कागद तयार झाले आणि कपाटात गेले. विज्ञानाच्या शिक्षकांना हे आपल्यावर लादलेले जादा ओझे वाटले, तर इंग्रजीच्या शिक्षकांना आपला विषय इतरांचा सेवक होतो की काय अशी भीती वाटली. २००४ मध्ये चौदा वर्षांपुढील विद्यार्थ्यांसाठी परकीय भाषा ऐच्छिक झाली आणि फ्रेंच-जर्मनच्या वर्गांना मोठी गळती लागली. तेथील भाषाशिक्षकाचे एकाकीपण त्या गळतीचे एकमेव कारण नव्हे. परंतु ज्या विषयाचे शाळेतल्या अन्य कोणत्याही विषयाशी देणेघेणे नसते, तो ऐच्छिक करणे सोपे जाते, एवढे नक्की. फिनलंडने २०१६ पासून अमलात आणलेल्या अभ्यासक्रमात प्रत्येक शिक्षक हा आपल्या विषयाच्या भाषेचाही शिक्षक असल्याचे स्पष्ट म्हटले आहे आणि वर्षातून किमान एक आंतरविषयक घटक शाळांना बंधनकारक केला आहे. तिथे ओझ्याची तक्रार नाही असे नव्हे, पण घटक वेळापत्रकातच असल्याने तो टाळता येत नाही.

बुलक यांची कल्पना आपल्याकडेही आली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. न्या. जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे नियम केले, बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात 'अभ्यासक्रमांतर्गत भाषा' हा विषय सर्व छात्राध्यापकांसाठी आला. त्याच्याच जोडीला ज्ञानशाखा व शालेय विषय समजून घेण्याचा आणखी एक विषय होता. कागदावर पाहता हे दोन्ही मिळून नेमके हेच साधायचे होते. परंतु दोन्हींना आराखड्यात मिळाली ती अर्ध्या-अर्ध्या विषयाची जागा. अर्ध्या विषयाचे आपल्या महाविद्यालयांत काय होते ते निराळे सांगायला नको. तो ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्या वाट्याला जातो, बाजारातले मार्गदर्शक येते, बुलक यांचे नाव टीप लिहिण्यापुरते पाठ होते आणि 'बहुभाषिक वर्गाची वैशिष्ट्ये' हा प्रश्न परीक्षेसाठी हमखास ठरतो. सहकार्याविषयीचा विषय एकट्याने व्याख्यान देऊन एकट्याने उत्तरपत्रिका लिहून उरकला जातो, यातील विसंगती कोणाला खटकत नाही.

दोष एकट्या प्राध्यापकांचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला तासाचे पैसे मिळतात. दुसऱ्याच्या तासाला बसून पाठ एकत्र आखण्याचे नाहीत. दोघांनी मिळून घेतलेल्या पाठाचे गुण कोणाच्या खात्यावर मांडायचे, हा प्रश्नही निघतोच. त्यातच दोन वर्षांत वीस आठवड्यांच्या शालेय अनुभवाची तरतूद असली, तरी शाळा छात्राध्यापकांकडे बहुधा रिकामे तास भरून काढणारी माणसे म्हणून पाहतात. मराठीच्या आणि विज्ञानाच्या छात्राध्यापकांना एकाच वर्गाचा एकच घटक द्या, असे मुख्याध्यापकाला सांगणार कोण?

येथे एक सावधगिरीही हवी. 'प्रत्येक शिक्षक भाषाशिक्षक' या घोषणेचा अर्थ विज्ञानाच्या शिक्षकाला थोडे इंग्रजी शिकवून वर्गात पाठवणे, असा घेतला तर हानी होते. स्पेनमधील माद्रिद प्रांताने २००४ पासून सरकारी शाळांत काही विषय इंग्रजीतून शिकवण्याचा मोठा कार्यक्रम राबवला. त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा ज्यांच्या आई-वडिलांचे शिक्षण कमी होते अशा मुलांचे इंग्रजीतून शिकवल्या गेलेल्या विषयातील ज्ञान मागे पडल्याचे दिसले. शिकलेल्या घरांतील मुलांवर तसा परिणाम आढळला नाही. सेमी-इंग्रजीच्या वर्गात मूल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनी, विशेषतः जे स्वतः शाळा अर्धवट सोडून शहरात आले त्यांनी, हा निष्कर्ष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. घरी 'रिस्पेक्टिव्हली'चा अर्थ सांगणारे कोणी नसेल, तर तो सांगण्याची जबाबदारी शाळेतल्या दोन शिक्षकांनी वाटून घ्यायची असते. ती वाटून घेतली गेली नाही तर फटका सर्वांना सारखा बसत नाही. दुर्बलांनाच बसतो.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की शिक्षक प्रशिक्षणाची घडी पुन्हा मोडली जात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे आणि केवळ बी.एड. चालवणाऱ्या एकट्या-दुकट्या महाविद्यालयांनी बहुशाखीय संस्थांत रूपांतरित व्हायचे आहे. २०२३-२४ पासून देशातील काही संस्थांत हा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरूही झाला. याउलट परिषदेने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा प्रस्ताव आला. पहिल्या वाटेत संधी आहे: ज्या आवारात भौतिकशास्त्राचा आणि मराठीचा विभाग दोन्ही असतील, तेथे भावी शिक्षकांना एकत्र आणायला भाडे पडणार नाही. दुसऱ्या वाटेत धोका आहे, कारण अभ्यासक्रम आखडला की आधी कात्री लागते ती अर्ध्या विषयांना.

खर्चाचे कारण पुढे करण्याजोगेही येथे फारसे काही नाही. प्रत्येक छात्राध्यापकाने अंतिम सराव पाठांपैकी दोन पाठ भिन्न पद्धतीच्या सहकाऱ्याबरोबर आखावेत, त्यांचे निरीक्षण दोन्ही पद्धतींच्या प्राध्यापकांनी मिळून करावे आणि गुण दोघांना समान द्यावेत, एवढा बदल विद्यापीठांची अभ्यास मंडळे आपल्या अखत्यारीत करू शकतात. बी.एड.च्या शाळेतील कामात विज्ञानाच्या एका प्रकरणातील शब्दांची छाननी मराठीच्या आणि इंग्रजीच्या छात्राध्यापकांकडून करवून घ्यावी. बालभारतीने पहिलीसाठी आणलेल्या एकात्मिक व द्विभाषिक पुस्तकांत हे मिश्रण आधीच झालेले आहे. ती शिकवणारा शिक्षक मात्र एकेरी प्रशिक्षणातून येतो.

सेवेतील शिक्षकांच्या बाबतीत एक निमित्त अनायासे चालून आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवले. शिक्षक संघटनांचा त्याला तीव्र विरोध झाला आणि वीस-वीस वर्षे शिकवणाऱ्यांची तगमग समजण्यासारखी आहे. परंतु या परीक्षेची रचना पाहण्यासारखी आहे. सहावी ते आठवीसाठीच्या दीडशे गुणांच्या प्रश्नपत्रिकेत गणित-विज्ञानाच्या शिक्षकालाही दोन भाषांचे मिळून साठ गुण असतात, तर भाषेच्या शिक्षकाला गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांचे साठ गुण सोडवावे लागतात. ज्या शिक्षक दालनात दोघांनी वर्षानुवर्षे केवळ रजेचे अर्ज आणि बदल्यांच्या गप्पा वाटून घेतल्या, तेथे आता एकाला दुसऱ्याची पुस्तके मागावी लागणार आहेत.